हँडब्रेकची वायर

नारायणगाव,
२१ जून, रात्रीचे पावणेदोन

प्रिय दिल्या,

पत्र पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. माझी बीपीची गोळी एकाची दीड झाली, तुझ्या वहिनीचा गुडघा आहे तिथेच आहे. झालं तब्येतीचं.

होळीनंतर तुझे तीन फोन आले आणि मी एकही उचलला नाही. आधी टोमॅटोची बांधणी होती, मग नुसतीच लाज वाटायला लागली. आणि आता जे लिहितोय ते फोनवर जमलंच नसतं. तू फोन स्पीकरवर टाकतोस आणि अख्खं बडोदं ऐकतं.

ओम्या गाडी घेऊन वाशीला गेलाय. साडेआठला निघाला, सत्तर कॅरेट टोमॅटो. आमचा ड्रायव्हर चैत्रात सोडून गेला, तेव्हापासून रात्रीच्या खेपा हाच मारतो. आळेफाटा, ओतूर, माळशेज, मुरबाड, कल्याण, शीळफाटा. तुला रस्ता सांगायला नको. तो मार्केटात पोचल्याचा मिस्ड कॉल येईपर्यंत मला झोप नाही, आणि आला तरी फार येते असं नाही.

झालं असं की मे महिन्यात मुरबाडच्या पुढे त्याला डुलकी लागली. गाडी साइडपट्टीवर उतरली, खडीचा आवाज झाला तेव्हा हा जागा झाला. मला सांगितलं नाही. मार्केटच्या हिशेबाच्या पट्टीत दोन कॅरेट कमी कशी म्हणून मी खनपटीला बसलो तेव्हा तोंडातून निघालं. मी म्हणालो गाडी विकतो. ते मला स्वतःलाही खरं वाटलं नाही, अजून एकोणीस हप्ते आहेत. मग सकाळी सहा हजार त्याच्या हातावर ठेवले आणि म्हणालो, टेप बसवून घे, गाणं चालू असलं की डोळा लागत नाही.

म्हणजे टेप बसव असं मीच म्हणालो. पुढं लागेल म्हणून सांगून ठेवतो.

आपल्या पिकअपला स्टिरिओच्या जागी नुसता खण होता. त्यात काडेपेटी, टोलच्या पावत्या, सुपारीचं खोबरं झालेलं एक पाकीट. माझ्या डोक्यात साधा सिंगल डिन सेट: १८० मिलिमीटर रुंद, ५० उंच, पेनड्राइव्ह लावायला भोक, ब्लूटूथ, बास. पत्र्याची चौकट आत सरकवायची, तिचे कान स्क्रूड्रायव्हरने दुमडायचे, मग सेट आत ढकलायचा, टक्कन बसतो. अर्ध्या तासाचं काम. ओम्या संध्याकाळी आला तो सात इंची स्क्रीन बसवून. वर दीड हजार स्वतःचे घातले. दुकानदाराने खणाखालचं प्लास्टिक हॅक्सॉच्या पात्याने कापलं होतं, कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. दुकानाचं नाव लिहीत नाही, तू फोन करून भांडशील.

खोक्यावर छापलंय '५० वॅट × ४'. वाचून तुझी आठवण आली. सेटच्या पाठीला फ्यूज दहा अँपिअरचा. इंजिन चालू असताना चौदा व्होल्ट धर, झाले एकशेचाळीस वॅट, तेही सगळेच्या सगळे आवाजात गेले तर. बाकीचे साठ वॅट बहुधा दुकानदाराच्या तोंडातून येतात. आपल्या ८१० आयसीच्या अॅम्पवर गणपतीत तू खडूने 'शंभर वॅट' लिहिलं होतंस, ते हेच लोक वाचून मोठे झाले असणार. मडक्यातल्या स्पीकरसकट.

तर सेट बसला आणि दोन दिवसांत तक्रार सुरू. अॅक्सिलरेटर दिला की स्पीकरमधून कुंईऽऽ. जितका रेस द्यावा तितकी शिटी वर चढते. दुकानदार म्हणाला, फिल्टर टाकावा लागेल, साडेतीनशे. मी म्हणालो, माझ्या घरात वायरमन असताना? ओम्या हसला. तो मला शेतकरी समजतो, आयटीआयचं सर्टिफिकेट त्याने कधी पाहिलेलंच नाही, ते आईच्या ट्रंकेत पोथ्यांखाली आहे.

रविवारी तो लग्नाला गेला, तेव्हा मी गाडी पडवीत घेतली. बॅटरीची निगेटिव्ह काढली (हो, काढली, उगाच दात काढू नकोस), चौकट सोडवली, सेट पुढं ओढला. मागचा तो वायरींचा पुंजका पाहून, दिल्या, मास्तरांनी त्या दुकानदाराला बेंचवर उभं केलं असतं. एकही सोल्डर नाही. सगळे पिळे मारलेले आणि वर काळी टेप, ती आमच्या उन्हाने पाघळून बोटाला गुळासारखी चिकटत होती. तुझं-माझं त्यावरून आठवडाभर भांडण चाललं होतं, पिळा की डाग. मान्य करतो, डाग. तीस वर्षांनी मान्य करतोय, पत्र जपून ठेव.

शिटीचं कारण लगेच सापडलं. काळी वायर, म्हणजे अर्थ, डॅशबोर्डच्या आतल्या एका रंगवलेल्या पट्टीच्या स्क्रूखाली दाबलेली. रंगावर अर्थ कसला मिळतोय? पॉलिशपेपरने रुपयाएवढी जागा खरवडली, पत्रा चकाकेपर्यंत. वायरीला थिंबल लावलं, दातेरी वॉशर घालून आवळली. शिटी गायब. डाव्या दाराचा स्पीकर उलटा जोडलेला होता, पेन्सिल सेल लावून पाहिला तर पडदा बाहेर यायच्या ऐवजी आत जात होता. तोही सुलटा केला, बास दुप्पट झाला. पिवळी बॅटरीवर, लाल चावीवर, तेवढं मात्र बरोबर होतं. मी खूश. शिट्टी वाजवत होतो.

आणि मग त्या काळ्या वायरीच्या पिळ्यात अजून एक बारीक वायर गुंडाळलेली दिसली. तिच्यावर चिकटवलेली कागदी पट्टी: 'ब्रेक'.

तुला हे नवीन असेल, आपल्या वेळेला टेपला स्क्रीन कुठली. ती वायर हँडब्रेकच्या स्विचला जोडायची असते. हँडब्रेक ओढला की स्विच अर्थ होतो, डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो, आणि सेटला कळतं की गाडी उभी आहे, आता चित्र दाखवायला हरकत नाही. गाडी चालू असताना नुसता आवाज, स्क्रीन काळी. दुकानदार काय करतात, ती वायर सरळ अर्थलाच पिळून टाकतात. सेटला जन्मभर वाटत राहतं की हँडब्रेक ओढलेला आहे. गिऱ्हाईक खूश.

म्हणजे माझं पोर माळशेज चढताना समोर सात इंचावर पिच्चर लावून चाललं होतं. झोप येऊ नये म्हणून. माझ्या पैशाने.

मी सीटवर तसाच बसून राहिलो. आई चहा घेऊन आली, बशी ठेवून गेली, तो पार गार झाला.

दिल्या, बाळ्याच्या टेम्पोत टेप आपण लावला होता. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, ऑटो रिव्हर्स नसलेला, कारण त्यात साठ रुपये वाचत होते. वर खण होता, पण छोटा पडत होता, प्लास्टिक कापावं लागलं असतं. संध्याकाळ झाली होती, तुला सायकल परत द्यायची होती. मग आपण तो खाली बसवला, गिअरच्या पुढं, गुडघ्यापाशी. कॅसेटची बाजू बदलायला वाकावं लागायचं. तू म्हणालास, त्याला सवय होईल. का मी म्हणालो? मला खरंच आठवत नाही. माझ्या आठवणीत कधी ते तू म्हणतोस, कधी मी. १९९४ पासून हे चालू आहे. माळशेजचा तो कठडा पुढं दोनदा नवा बांधला, पण पावसात त्या वळणावर आलो की मला जुनाच दिसतो. पंचनाम्यात लिहिलं, धुकं. धुकं होतंच. आपण दोघं तेराव्याला जेवलो आणि त्या टेपबद्दल एक शब्द बोललो नाही. आजपर्यंत नाही.

आता इतकं लिहिलंय तर उरलेलंही सांगतो. मी ती वायर पिळ्यातून सोडवली, सीटखालून फिरवून हँडब्रेकच्या स्विचवर नेली. मध्ये ४००७चा एक डायोड टाकला, त्याच्या अंगावरची पट्टी स्विचकडे, दिव्याचे बारा व्होल्ट उलटे सेटमध्ये शिरू नयेत म्हणून. डाग दिला, वर स्लीव्ह चढवली, मेणबत्तीवर आवळली. सेटिंगमध्ये 'पार्किंग' असं एक कलम असतं, तेही चालू करून ठेवलं. चौकट बसवली. कापलेल्या कडा कानसून सारख्या केल्या. आणि ओम्याला काहीच सांगितलं नाही. शिटी काढली, एवढंच म्हणालो.

तेव्हापासून घरात नाटक चालू आहे. पहिल्या खेपेहून परत आला तो म्हणाला, दादा, सेट बिघडला, गाणं ऐकू येतं, चित्र जातं. मी म्हणालो, चायनाचा माल. तो दुकानात जाऊन भांडला. दुकानदार म्हणाला, कोणीतरी हात घातलाय, वॉरंटी नाही. ओम्या त्याच्या अंगावर गेला, आमच्या दादाने हात घातला म्हणजे काम चोखच असणार, तुझाच माल भिकार! माझी बाजू घेऊन भांडला रे. मी घरी आमटीत भाकरी कुस्करत ऐकतोय. घास खाली उतरेना.

तुझी वहिनी म्हणते, सरळ सांगून टाका. सांगितलं तर तो ती वायर दोन मिनिटांत पुन्हा अर्थला मारेल, चोवीस वर्षांचा आहे, गाडीचे हप्ते तोच कमावतो. आणि 'का' म्हणून विचारलं तर मला बाळ्याचं सांगावं लागेल. त्याला माहीत आहे ते इतकंच, की बाळूकाका धुक्यात गेला. नाही सांगितलं तर एक दिवस तो स्वतः सेट ओढून काढेल आणि माझा डाग ओळखेल. न ओळखायला काय, मीच त्याला पंपाच्या स्टार्टरवर डाग द्यायला शिकवलाय, थेंब गोल आणि चकचकीत पाहिजे म्हणून.

आणि झोपेचं काय, ते आहे तिथंच आहे. स्क्रीन काळी केली म्हणून पोराचा डोळा लागायचा थांबत नाही. सोबत म्हणून मी जाऊ लागलो तर हा म्हणतो, तुम्ही आळेफाट्यालाच घोरायला लागता. ते खरं आहे.

बाकी तुझ्याकडे नात झाल्याचं ग्रुपवर पाहिलं, मी नुसता अंगठा दाखवला, त्याबद्दल वहिनीने शिव्या दिल्यात. नाव काय ठेवलं? फ्लॅटचा ताबा मिळाला का? रिटायर झाल्यावर गावाकडे येणार होतास ते डिसेंबर की नुसतंच बोलणं? तुझ्या वाटणीच्या बांधावरची चिंच अजून उभी आहे, चुलत्याने हात लावलेला नाही, मी बघतोय.

मिस्ड कॉल आला. दोन वाजून दहा. पडतो जरा.

तुझा,
सुऱ्या

ता. क. सकाळचे साडेनऊ. ओम्या आत्ता आला. गाडी पडवीपुढं लावली, हँडब्रेक ओढल्याचा कर्रकन आवाज आला, आणि हा उतरेचना. मी खिडकीतून पाहिलं, तर स्टिअरिंगवर हनुवटी टेकवून आत पिच्चर बघत बसलाय. दहा मिनिटं. मग बंद करून खाली उतरला, पट्टी माझ्या हातात दिली, 'सत्तरच्या सत्तर' म्हणाला आणि अंघोळीला गेला. त्याला कळलंय का, काय माहीत.

सांगू की नको तेवढं लिही. आणि ते 'सवय होईल' कोण म्हणालं होतं, तुला आठवत असेल तर तेही. फोन करू नकोस, आजकाल माझा फोन तोच उचलतो.