तोफेमागचे गणित शिकवणाऱ्या ब्रिगेडियर साहेबांस

आदरणीय ब्रिगेडियर साहेब,
सादर नमस्कार.

खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी गणित शिकवतो. तोफखान्यातील प्रदीर्घ सेवेनंतर आपण बेळगावात स्थायिक झालात आणि शाळेच्या विनंतीला मान देऊन शनिवारी आमच्या मुलांना शिकवायला येऊ लागलात. त्याबद्दलचे आभार चार लोकांसमोर मानावेत, म्हणून हे जाहीर पत्र.

सैन्य आमच्या भागाला नवे नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्रच बेळगावात आहे. गावोगावी फौजेतून निवृत्त झालेली माणसे आहेत, आणि पहाटे रस्त्यावर धावणारी पोरे दिसली की भरतीची तयारी चालली आहे हे कुणाला सांगावे लागत नाही. मात्र ही वाट जवानाच्या भरतीपाशी थांबत असे. एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची प्रवेश परीक्षा) आणि सीडीएस (पदवीनंतरची संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा) या सैन्यात अधिकारी होण्याच्या परीक्षा शहरातल्या, इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्या मुलांसाठी असतात, असा पालकांचा ठाम समज होता. जवान होण्यात तसूभरही कमीपणा नाही, हे आपण पहिल्याच दिवशी बजावलेत, आणि मग अधिकाऱ्याची वाटही याच मुलांसमोर मोकळी केलीत.

त्या दिवशी आपण फळ्यावर तीन ठिपके काढलेत: तोफ, निरीक्षक आणि लक्ष्य. डोंगराआडच्या तोफेला लक्ष्य दिसत नाही. ते दिसते पुढे पायदळाबरोबर गेलेल्या तरुण अधिकाऱ्याला. पडलेला गोळा लक्ष्यापासून किती डावीकडे, किती अलीकडे, हे तो दुर्बिणीतून पाहून कळवतो आणि त्याप्रमाणे तोफेचा कोन बदलला जातो. वर्तुळाचे ६४०० भाग केले तर त्यातला एक भाग हजार मीटरवर साधारण एक मीटर होतो, हे आपण सांगितलेत तेव्हा त्रिकोणमिती म्हटले की मान खाली घालणारी मुलेच भराभर उत्तरे देऊ लागली. इतकी वर्षे मी हाच धडा शिकवत आलो आहे, पण वर्गात अशी चढाओढ मी कधी पाहिली नव्हती.

१९९९ साली कारगिल युद्धात द्रास भागात आपण मेजर होतात, सहा तोफांची बॅटरी, म्हणजे तुकडी, आपल्या हाताखाली होती. त्या युद्धाबद्दल आपण मोजकेच बोललात, पण जे बोललात ते मुलांच्या मनात बसले. उंचावर हवा विरळ असल्याने गोळा लांब जातो, थंडीने दारूचा जोर बदलतो, आणि आपलेच पायदळ लक्ष्याच्या जवळ पोहोचलेले असताना हा हिशेब चुकून चालत नाही. तोलोलिंग आणि टायगर हिल या शिखरांवर बोफोर्स तोफांनी समोर दिसणाऱ्या शत्रूच्या ठाण्यांवर थेट मारा केला, हे मुलांनी वाचले होते. त्या माऱ्यामागचे गणित त्यांनी आपल्याकडून ऐकले.

देवळालीच्या तोफखाना विद्यालयातील प्रशिक्षण, पुढे अठरा तोफांच्या रेजिमेंटचे नेतृत्व, त्यानंतर ब्रिगेडियरपद, हा सारा प्रवास आपण दोन-चार वाक्यांत आटोपलात. मुलाखतीची तयारी करून घेताना मात्र आपण वेळेचे भान ठेवले नाहीत. आधी मराठीत नीट विचार करा, मग इंग्रजीत छोटी वाक्ये बोला, हा आपला सल्ला मुलांची भीती घालवायला पुरेसा ठरला. २०२३ मध्ये पाच महिला अधिकारी प्रथमच तोफखान्यात दाखल झाल्या, ही बातमी आपण वर्गात वाचून दाखवलीत आणि मुलींना पुढच्या बाकांवर बोलावलेत. त्यांतली एक आज पदवीचे शिक्षण घेत सीडीएसची तयारी करते आहे. तिच्या वडिलांनी, जे स्वतः माजी सैनिक आहेत, आपणास नमस्कार कळवला आहे.

१८२७ मध्ये २८ सप्टेंबरला बॉम्बे माउंटन बॅटरी उभी राहिली, म्हणून तो दिवस तोफखाना दिन म्हणून पाळतात, हेही आम्हांला आपल्याकडूनच कळले. यंदा त्या दिवशी आपण सपत्नीक शाळेत यावे, ही सर्व शिक्षक आणि पालकांच्या वतीने नम्र विनंती.

आपला कृतज्ञ,
एक गणित शिक्षक, खानापूर तालुका