ठिपके

नारायणगाव,
२८ डिसेंबर २०२५

प्रिय सुभ्या,

तुझं पत्र दिवाळीत आलं आणि उत्तराला आज बसलोय. घाल शिव्या. महिनाभर रात्रपाळी चालू आहे. रात्री उसाच्या कडेनं ड्रोन फिरवून बिबट्या शोधायचा, दिवसा पडद्याआड झोपायचं. आईचा गुडघा बरा आहे, काठीशिवाय देवळापर्यंत जाते. बाकी घरचं ठीक.

तू लिहिलंयस की दोन मित्रदेशांनी गुप्त माहिती वाटून घेतली तर बिघडलं काय, उलट नेमकी माहिती मिळाली तर माणसं कमीच मरतील. शिवाय आता तू इस्तंबूल फिरून आलायस, म्हणजे तुझ्याशी वाद घालायची सोयच राहिली नाही. तरी घालतो. आणि मुद्दाम तुर्कस्तानचंच उदाहरण घेतो, कारण तिथल्या रोबोस्की गावात चौदा वर्षांपूर्वी जे घडलं, त्याची तारीखही आजचीच.

तुर्कस्तानातल्या अल्पसंख्याक कुर्दांच्या पीकेके संघटनेनं १९८४ साली सरकारविरुद्ध शस्त्र उचललं. तेव्हापासून चाळीस हजारांच्या आसपास माणसं गेली. तुर्कस्तान आणि अमेरिका दोघंही नाटो या लष्करी युतीत आणि दोघांच्याही लेखी पीकेके दहशतवादी. तेव्हा माहितीची देवाणघेवाण सुरळीत असेल असं आपल्याला वाटतं. पण या मैत्रीला रुसवेफुगवेच फार. मार्च २००३ मध्ये तुर्की संसदेनं अमेरिकी सैन्याला इराकवर उत्तरेकडून जायला वाट दिली नाही. जुलैत अमेरिकी सैनिकांनी इराकमधल्या सुलेमानियात तुर्की सैनिकांनाच पकडलं आणि डोक्यावर पिशव्या घालून नेलं. तुर्कस्तानात त्या प्रकरणाला आजही ‘पोत्याचं प्रकरण’ म्हणतात. तुझ्या त्या गालिचेवाल्या मित्राला विचार, तो चहा थंड होईपर्यंत बोलेल.

मग ऑक्टोबर २००७ मध्ये दाअलिजा इथं पीकेकेनं बारा तुर्की सैनिक मारले. पीकेकेचे तळ पलीकडं इराकच्या डोंगरांत, तेव्हा अंकारा, म्हणजे तुर्की सरकार, सीमा ओलांडून इराकमध्ये घुसायच्या बेतात होतं आणि इराक तर अमेरिकेच्या गळ्यात. ५ नोव्हेंबरला तेव्हाचे तुर्की पंतप्रधान एर्दोगान वॉशिंग्टनला गेले. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी पीकेकेला सामायिक शत्रू म्हटलं आणि ताज्या, त्या त्या क्षणाच्या गुप्त माहितीचं वचन दिलं. सव्वा महिन्यात, १६ डिसेंबरला, तुर्की विमानांनी इराकमधल्या कंदील डोंगरावर बाँब टाकले. (हो, कंदीलच. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही हसलो होतो.) मला विचारशील तर तुर्कस्तानचं पूर्ण सैन्य इराकमध्ये उतरू नये म्हणून अमेरिकेनं चित्र पुरवायचं कबूल केलं. वचनापेक्षा तो वेसणीचा दोर होता.

व्यवस्था अशी होती की अमेरिकेची प्रिडेटर ड्रोन उत्तर इराकवर घिरट्या घालायची. चित्र थेट अंकाऱ्यातल्या एका केंद्रात यायचं, तिथं दोन्ही देशांचे अधिकारी शेजारी शेजारी बसून ते बघायचे. बाँब टाकायचा की नाही हा निर्णय मात्र एकट्या तुर्कांचा. अमेरिका इराकमधून निघाली तेव्हा २०११ मध्ये ती ड्रोन तुर्कस्तानातल्या इंजिर्लिकच्या तळावर हलवली. तुर्कांकडं स्वतःची हेरॉन ड्रोन होतीच, इस्रायलकडून घेतलेली. आपल्या हवाई दलाकडं आहेत तीच.

आता रोबोस्की. शिर्नाक प्रांतात, इराकच्या सीमेला टेकलेलं कुर्द गाव. सरकारी नाव ओर्तासू, गावातलं कुणी ते वापरत नाही. शेती जेमतेम. गावाचा खरा धंदा म्हणजे खेचरं घेऊन डोंगरापलीकडं जायचं आणि स्वस्त डिझेल, सिगारेटी घेऊन परतायचं. कायद्यानं तस्करी. पण गावकऱ्यांच्या सांगण्यानुसार चौकीवरच्या सैनिकांना ती वाट, ते दिवस, ती पोरं सगळं माहीत होतं. आणि यातल्या कित्येक घरांतली माणसं सरकारचा पगार घेणारे ग्रामरक्षक, म्हणजे पीकेकेविरुद्ध बंदूक धरणारी.

२८ डिसेंबर २०११च्या रात्री गावातली अशीच एक टोळी परत येत होती. साडेनऊनंतर तुर्की एफ-१६ विमानांनी बाँब टाकले. चौतीस जण गेले, त्यातले जवळपास निम्मे अठराच्या आतले. बहुतेकांचं आडनाव एकच, एन्जू. गावकऱ्यांनी प्रेतं स्वतः खाली आणली, घोंगड्यांत गुंडाळून, उरलेल्या खेचरांच्या पाठीवर.

मे २०१२ मध्ये अमेरिकेच्या वॉल स्ट्रीट जर्नल या दैनिकानं बातमी दिली की ती रांग पहिल्यांदा अमेरिकी प्रिडेटरनं टिपली. चित्र तुर्कांना दिलं, मग तुर्कांनी ते ड्रोन दुसरीकडं पाठवायला सांगितलं आणि पुढचं त्यांनी पाहिलं. तुर्की लष्कर म्हणालं, पहिलं चित्र आमच्याच ड्रोनचं. म्हणजे बघ, एक म्हणतो आम्ही फक्त दाखवलं, दुसरा म्हणतो आम्हीच पाहिलं. जो दाखवतो त्याला वाटतं ठरवणारा नीट तपासेल, जो ठरवतो त्याला वाटतं एवढ्या भारी यंत्रानं दाखवलंय म्हणजे तपासलेलंच असणार. त्या सांध्यातून चौतीस माणसं खाली पडली. आणि चौकीवरच्या साध्या शिपायाला जे ठाऊक असावं, की या वाटेनं कुणाची पोरं जातात, ते त्या अंकाऱ्याच्या खोलीत कुठल्याच मित्रदेशाकडून आलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण लिहिताना हात जड होतो. जानेवारी २०१४ मध्ये लष्करी वकिलांनी ‘टाळता न येणारी चूक’ म्हणून खटलाच नाकारला. तुर्की घटना न्यायालयानं नातेवाइकांचे कागद दोन दिवस उशिरा आले म्हणून त्यांचा अर्ज फेटाळला आणि २०१८ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानंही त्यावरच बोट ठेवून दार लावलं. दोन दिवस, सुभ्या! आपल्या तलाठ्याला शिव्या देतो आपण.

आता तू म्हणशील, यात तुझं काय एवढं. तर सांगतो, कुणाला सांगितलेलं नाही.

मागच्या महिन्यात पहाटे चारला मी कारखान्याच्या रस्त्याकडच्या फडावर ड्रोन उडवत होतो. उष्णतेच्या कॅमेऱ्यात सगळं करडं दिसतं, जिवंत तेवढं पांढरं. बांधाला दोन ठिपके, एक मोठा, एक लहान, जमिनीलगत, न हलणारे. तिथंच दोन दिवसांपूर्वी कालवड गेली होती. मी वायरलेसवर खात्रीनं सांगितलं, मादी आणि पिल्लू. ‘बहुतेक’ हा शब्द तोंडात आला होता, पण थंडीत सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, मग गिळला. पोरं फटाके घेऊन धावली, बेशुद्धीची बंदूक भरली गेली. आणि पलीकडून लहान पोराचं रडणं ऐकू आलं.

ऊसतोडीच्या टोळीतली बाई होती, लेकराला घेऊन बांधाला बसलेली. टोळी आदल्या संध्याकाळीच बीडहून उतरली होती. मुकादमाला माहीत, ट्रॅक्टरवाल्याला माहीत, चहाच्या टपरीवाल्यालाही माहीत. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. माझ्याकडं कॅमेरा होता ना.

त्यानंतर मी रोबोस्कीबद्दल मिळेल ते वाचलं. झोप लागत नसली की वाचायचं.

तुझ्या बाजूनं एक सांगतो, नाहीतर म्हणशील एकांगी लिहिलं. माहिती दिली नसती तर कदाचित तुर्की रणगाडे २००७ लाच इराकमध्ये घुसले असते आणि जास्त माणसं मेली असती. ते मान्य. पण हा सौदा टिकला तरी किती? २०१४ पासून अमेरिकेनं सीरियात आयसिसविरुद्ध ज्या वायपीजी या सशस्त्र कुर्द संघटनेला हाताशी धरलं, तिला तुर्कस्तान पीकेकेचीच शाखा मानतं. एका खोलीत कुर्दांविरुद्ध चित्र द्यायचं आणि दुसऱ्या खोलीत कुर्दांना बंदूक. ऑक्टोबर २०१९ मध्ये तुर्की सैन्य सीरियात घुसलं तेव्हा अमेरिकेनं तो ड्रोनचा कार्यक्रम थांबवला. तोवर तुर्कांनी स्वतःची बायरक्तार ड्रोन बनवली होती, अमेरिकेनं सशस्त्र ड्रोन विकायला नकार दिला म्हणूनच. आणि ५ ऑक्टोबर २०२३ ला सीरियात एका अमेरिकी एफ-१६ नं तुर्की ड्रोन पाडलं. मित्रानं मित्राचं!

यंदा पीकेकेनंच मे महिन्यात विसर्जनाची घोषणा केली. जुलैत सुलेमानियाजवळ तीस जणांनी आपल्या बंदुका एका मोठ्या कढईत टाकून जाळल्या. तो व्हिडिओ मी तीनदा पाहिला. अजून बरंच व्हायचंय तिकडं, पण त्या दिवशी सगळ्यांचे चेहरे दिसत होते.

हां, त्या बाईचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मी टोळीच्या तळावर गेलो, पाव किलो चहा पावडर आणि पोरासाठी बिस्किटं घेऊन. माफी कशी मागायची ते जमेना. ती चूल फुंकत होती. म्हणाली, “वरून समदं दिसतं म्हणत्यात. मग आमच्या कोपीत रातीचं पानी शिरलं, त्ये दिसलं का न्हाई?”

आता कागद संपला आणि साडेआठ वाजले, बॅटऱ्या चार्जिंगवरून काढायच्यात. हल्ली उडवायच्या आधी मुकादमाला फोन करतो. संक्रांतीला येणार असशील तर मंगळवारच्या आत कळव, आई गुळाच्या पोळ्या करायचं म्हणतेय.

तुझा,
विन्या