यादीबाहेरच्या कथाही वाचाव्यात

महोदय,

रविवारच्या पुरवणीत प्रसिद्ध झालेली जगातील श्रेष्ठ लघुकथांची यादी आस्थेने वाचली. मात्र अशा याद्यांतून त्याच त्या कथा पुनःपुन्हा पुढे येतात, ही त्रुटी तिच्यातही राहिली आहे. फ्रेंच कथाकार मोपासाँ यांनी सुमारे ३०० कथा लिहिल्या, तरी वाचकांपुढे बहुधा १८८४ मधील कंठहाराचीच कथा ठेवली जाते. रशियन कथाकार चेखव यांची ‘विद्यार्थी’ (१८९४) ही तर त्यांची स्वतःची आवडती कथा. थंडीच्या रात्री शेकोटीपाशी एक तरुण दोघी विधवा मायलेकींना पीटर या शिष्याने येशूची ओळख नाकारल्याची हकिगत सांगतो आणि आईच्या डोळ्यांत पाणी आलेले पाहून मधल्या एकोणीस शतकांचे अंतर मिटल्याचे त्याला जाणवते. जेमतेम काही पानांत एवढा आशय सामावणारी ही कथा यादीत नसावी, याचे मला मनापासून वाईट वाटले.

नामवंत कथेपाशी न थांबता तिच्या लेखकाचा संपूर्ण संग्रह वाचला, तरच अशा कथा हाती लागतात. म्हणून आपण पुढील पुरवण्यांत प्रत्येक लेखकाच्या गाजलेल्या कथेशेजारी त्याच्या एका अल्पपरिचित कथेचाही परिचय द्यावा, ही विनंती.

– एक वाचक