सोल संगीताचा काळ सरलेला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील सोल संगीतावरचा, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चगायन व ब्लूजच्या परंपरेतून आलेल्या गायनशैलीवरचा, लेख आवडीने वाचला. डेट्रॉइटची मोटाउन आणि मेम्फिसची स्टॅक्स या दोन रेकॉर्ड कंपन्यांची वाटचाल लेखकाने फार आपुलकीने सांगितली आहे. मात्र या कंपन्यांचा बहर ओसरला आणि त्याबरोबर सोलही संपले, हा लेखाच्या शेवटी काढलेला निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या संगीतातले काही उत्तम काम मोठ्या कंपन्यांच्या आश्रयाबाहेर झाले आहे आणि अटलांटाचे गायक व निर्माते कोडी चेसनट यांची ध्वनिमुद्रणे हा त्याचा ठळक पुरावा आहे.

त्यांच्या आधीच्या बँडचा अल्बम तयार असूनही एका मोठ्या कंपनीने तो बाजारात आणलाच नाही. त्यानंतर चेसनट यांनी घरातल्या झोपायच्या खोलीत, चार ट्रॅकच्या (म्हणजे चार आवाज वेगवेगळे नोंदवता येणाऱ्या) साध्या रेकॉर्डरवर, बहुतेक वाद्ये स्वतःच वाजवून ३६ गाणी मुद्रित केली आणि २००२ मध्ये ‘द हेडफोन मास्टरपीस’ या नावाने ती स्वतःच्या छोट्या लेबलवरून प्रसिद्ध केली. अशा यंत्रावर चार ट्रॅक भरले की आधीचे सूर एकत्र करून एकाच ट्रॅकवर उतरवावे लागतात, आणि एकदा मिसळलेली गिटार व बेस पुन्हा वेगळी काढता येत नाहीत. प्रत्येक निर्णय तिथल्या तिथे, कानावर भरवसा ठेवून घ्यावा लागतो. या गाण्यांत आवाज मध्येच फाटतो, टेपची खरखर ऐकू येते, एखादे गाणे ऐन रंगात आलेले असताना थांबते. तरीही गायक आपल्या अगदी शेजारी बसून गातो आहे असे वाटते, आणि सोलमध्ये मला तरी हे सान्निध्यच सर्वांत मोलाचे वाटते.

याच संग्रहातील ‘द सीड’ हे गाणे फिलाडेल्फियाच्या ‘द रूट्स’ या हिप-हॉप समूहाने त्याच वर्षी चेसनट यांनाच सोबत घेऊन नव्याने केले आणि ते जगभर गाजले. समूहाच्या आवृत्तीत ड्रमचा ठेका घट्ट आणि नेमका आहे, मूळ मुद्रणात मात्र गिटारच पुढे राहून सगळे गाणे ओढून नेते. दोन्ही एकापाठोपाठ ऐकावीत, असे मी आपल्या वाचकांना आग्रहाने सुचवेन. संग्रहातील सगळीच गाणी या तोडीची आहेत असे मात्र म्हणता येणार नाही. काही तुकडे अर्धेकच्चे आहेत आणि काही गाण्यांतली स्त्रियांविषयीची भाषा मला खटकते. दीड तासाहून लांब असलेल्या या संग्रहाला कात्री लावली असती तर तो अधिक सुबक झाला असता हे खरे, पण त्या कात्रीत त्याचा मोकळेपणाही गेला असता.

पुढचा पूर्ण अल्बम, ‘लँडिंग ऑन अ हंड्रेड’, यायला दहा वर्षे लागली. त्यासाठी लोकवर्गणीचा आधार घेतला गेला आणि मुद्रणासाठी निवडला तो मेम्फिसचा रॉयल स्टुडिओ. जुन्या चित्रपटगृहात उभारलेल्या या स्टुडिओची जमीन आजही उतरती आहे. निर्माते विली मिचेल यांनी सोल गायक अल ग्रीन यांची १९७० च्या दशकातील प्रसिद्ध गाणी इथेच घडवली. एकट्याने खोलीत गाणाऱ्या माणसाने इथे वादकांचा मोठा ताफा सोबत घेतला, ट्रम्पेटसारख्या ब्रास वाद्यांना भरपूर जागा दिली आणि स्वतःचा आवाज कमालीचा संयत ठेवला. व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाचे ‘एव्हरीबडीज ब्रदर’ हे गाणे ऐकताना त्यामागची चर्चमधील गायनाची परंपरा स्पष्ट जाणवते. लेखकाने ज्या मेम्फिसच्या वैभवाचा उल्लेख भूतकाळात केला आहे, त्याच शहरात २०१२ च्या या अल्बमचे काम झाले, ही गोष्ट लेखात यायला हवी होती.

२०१७ च्या ‘माय लव्ह डिव्हाइन डिग्री’मध्ये त्यांनी पुन्हा दिशा बदलली, तो अल्बम मला तितका भिडला नाही. पण काय गायचे आणि ते कसे मुद्रित करायचे, हे ठरवण्याचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला, याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे.

या विषयावर पुढचा लेख देणार असाल, तर तो २००० नंतरच्या स्वतंत्र सोल ध्वनिमुद्रणांवर असावा आणि त्यात निर्मितीच्या बाजूविषयीही सविस्तर लिहिले जावे, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे