वही हातात नसलेला लाइट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपतीला मुंबईहून चाकरमान्यांची पोरं आली की आमच्या वाडीतली पोरंपण त्यांच्यासोबत पडवीत मोबाईल घेऊन बसतात, आणि यंदा सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, 'डेथ नोट'मधला लाइट यागामी. ही जपानी कार्टून मालिका, म्हणजे अ‍ॅनिमे, तसं जुनं, २००६-०७चं, ३७ भागांचं, मी पूर्ण बघितलंय. पोरं त्याला हिरो मानतात, मोठी माणसं म्हणतात असलं कार्टून बंदच करा. मला दोन्ही पटत नाही म्हणून हे पत्र.

लाइट मुळात वाईट नाहीये. कॉलेजच्या उंबरठ्यावरचा हुशार मुलगा, बाप पोलिसात मोठा अधिकारी. त्याला एक वही सापडते, चेहरा डोळ्यांसमोर आणून नाव लिहिलं की माणूस ४० सेकंदांत हार्ट अटॅकने मरतो. पहिलं नाव लहान मुलांना ओलीस धरलेल्या माणसाचं, दुसरं रस्त्यात बाईला त्रास देणाऱ्या बाइकवाल्याचं. त्यानंतर तो हादरतो, झोप उडते, वजन उतरतं. पण पाच दिवसांत पानंच्या पानं भरतात आणि नव्या जगाचा देव मीच असं बोलायला लागतो. रयूक नावाचा मृत्युदेव तोंडावर सांगतो की मग शेवटी वाईट माणूस तूच एक उरशील, तर हा म्हणतो मी तर गुणी विद्यार्थी आहे.

मग टीव्हीवर एक माणूस येतो आणि म्हणतो तू करतोयस ते पाप आहे. बस्स, एवढ्यावर लाइट त्याचंही नाव लिहितो. तो फाशीचा कैदी होता, लाइटच्या मागावर असलेल्या एल नावाच्या गुप्तहेराने मुद्दाम बसवलेला, हे नंतर कळतं, लिहिताना लाइटला एवढंच माहीत होतं की हा मला वाईट म्हणाला. न्यायबिय तिथेच संपला, आणि हा फक्त दुसरा भाग आहे हो! पुढे एफबीआयचे १२ एजंट, मग त्यातल्या एकाची होणारी बायको, तिच्याशी गोड बोलत बोलत तिचं खरं नाव काढून घेतो.

पोरं जे मधले भाग बोअर म्हणून पळवतात तेच मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. संशय झटकायला लाइट स्वतःच वहीचा हक्क सोडतो, त्याबरोबर तिची आठवणही जाते, आणि मग बघा तोच मुलगा किती चांगला आहे, एलसोबत राबून वही वापरणारा नवा खुनी शोधतो, त्याच्यावर जीव टाकणाऱ्या मिसा या मुलीच्या प्रेमाचा फायदा घ्यायला सरळ नकार देतो. वही परत हातात आली की सगळं आठवतं आणि घड्याळात लपवलेल्या कागदावर तो लगेच पुढचं नाव लिहितो.

दशावतारात आपण भस्मासुर बघितलाय, वर मिळाल्या मिळाल्या शंकराच्याच डोक्यावर हात ठेवायला निघणारा. पण तो असुरच, त्याच्यात आपल्याला आपलं कोणी दिसत नाही. लाइटमध्ये मला शेजारचा पहिला नंबर काढणारा मुलगा दिसतो. लाइटचा बाप मरायला टेकलाय आणि हा त्याला वहीत शत्रूचं नाव लिहा म्हणून विनवतोय, तो सीन मला सहन झाला नाही.

बंदीने काही होणार नाही, पोरं बघणारच. तुमच्या पुरवणीत आठवी ते बारावीच्या मुलांनाच लाइटवर लिहायला सांगा, ते मधले भाग बघून लिहा अशी अट घालून.

आपली,
एक वाचक आई,
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग