थंडीतलं ड्रोन उड्डाण : जादा बॅटऱ्यांबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

रविवारी सकाळी ड्रोन उडवायला तिघरा धरणाच्या बाजूला जमायचं आहे. ग्वाल्हेरचा जानेवारीतला गारठा नव्याने सांगायला नको, तेव्हा बॅटऱ्यांची तयारी शनिवारी रात्रीच करावी.

थंडीत लिथियम पॉलिमर बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. स्क्रीनवर निम्मा चार्ज दिसत असतो आणि थ्रॉटल (मोटरांचा जोर) वाढवला की व्होल्टेज एकदम खाली बसतं. म्हणून जादा बॅटऱ्या डिकीत न टाकता जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. टोकांवर झाकण हवं; खिशात किल्ल्या, सुट्टे पैसे नकोत. वीसेक अंशांची ऊब आल्यावरच बॅटरी ड्रोनला लावा, ड्रोन मिनिटभर कमी उंचीवर जागेवरच तरंगू द्या, मग पुढे न्या. चार्ज तीस टक्क्यांवर आला की ड्रोन परत आणा. उन्हाळ्यातला हिशेब आता चालणार नाही.

नवीन घेणाऱ्यांनी नुसता एमएएचचा (क्षमतेचा) आकडा पाहून भुलू नये, वजनही वाढतं. एकाच जातीच्या दोन-तीन घ्या, मार्करने क्रमांक घाला आणि आळीपाळीने वापरा. फुगलेली बॅटरी आणूच नका, त्यावर चर्चा नको.

घरी आल्यावर गार बॅटरी लगेच चार्जरला लावू नका. शून्याच्या आसपास चार्ज केल्यास आत लिथियम धातू साचतो आणि ते नुकसान भरून येत नाही. आठवडाभर उड्डाण नसेल तर प्रति सेल 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवा, 4.2 पर्यंत भरून नको.

महाराजपूरला हवाई दलाचा तळ आहे. ड्रोनसाठीच्या सरकारी ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळाच्या नकाशावर झोन (कुठे उडवता येतं, कुठे नाही) पाहूनच निघा. धुकं असेल तर कार्यक्रम रद्द. तसं सकाळी ग्रुपवर कळवू.

– संयोजक