रानातल्या कॉटेजचा विषय : रविवारी ग्रामसभेला या

मंडळी, नमस्कार. अभयारण्याला लागून असलेल्या आपल्या रानात पर्यटकांसाठी कॉटेज बांधू द्यायची का, हे रविवारी सकाळी 10 वाजता ग्रामसभेत ठरेल. महिलांनी आवर्जून यावे.

पोरांना गावातच काम मिळेल, हे खरे. पण ओढ्याकाठच्या कारवीतून गवे पाण्यावर उतरतात. चिखलात खुरांचे ताजे ठसे कधीही बघा. त्या वाटेवर कुंपण आणि रात्रभर दिवे आले, तर कळप उसात शिरणारच. सांडपाण्याची सोयही नकाशात दिसत नाही. राधानगरी अभयारण्य 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे, याचा मान आपणच राखायचा. माझे मत नकाराचे. पाहुणे गावातल्या घरांतही राहू शकतात. हरकत लेखी आणा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.